मामांच्या एमएक्स-५ला कोणतं इंजिन?

१० एप्रिल २०२४, बुधवार

पाडवा झाला आणि दुसऱ्याच दिवशी मामांची गाडी आमच्या शेडमध्ये उतरली. टोचन करून आणायची नाही असं मी आधीच बजावलं होतं, म्हणून उस्मानपुऱ्याहून वाळूजपर्यंत ती ट्रकवर चढवून आणली. १९९० सालची मझदा एमएक्स-५, लाल, दोन सीटची, कापडी टपाची. मामा इंग्लंडमध्ये डॉक्टर होते. १९९४ साली कायमचे परतले तेव्हा घरसामानाबरोबर ही आणली, जकात भरली आणि औरंगाबादचा एमएच-२० चा नंबर घेतला. तिकडेही स्टिअरिंग उजवीकडेच, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

मझदा म्हटलं की आमच्याकडे स्वराज मझदाचा टेम्पो डोळ्यासमोर येतो. शेजारच्या शेडमधली पोरं मागचं नाव वाचून तेच विचारत होती. मग मी हेडलाइटचं बटण दाबलं, दोन्ही दिवे बोनेटमधून वर उठले, आणि पोरं हळूहळू जवळ सरकली.

तक्रार अशी : दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजात टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारा पट्टा) बदलला, तेव्हापासून दम कमी होत गेला. गेल्या दिवाळीपासून गाडी उभीच. मामांना कुणीतरी सांगितलंय की इंजिन गेलं. ते मला म्हणाले, "जुनं काढ, दुसरं टाक. कोणतं टाकायचं ते तू ठरव. तुझ्यावर सोडलंय."

म्हणून ही वही.

१४ एप्रिल

आज जयंतीची सुट्टी, सगळी एमआयडीसी शांत. पुढची पुली उघडली. क्रँकचा (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याचा) बोल्ट पान्याला जवळजवळ काहीच जोर न लावता फिरला. तिथंच पोटात गोळा आला.

क्रँकच्या पुढच्या टोकाला, ज्याला आम्ही नाक म्हणतो, त्यावर दातेरी चाक बसतं आणि ते चाक टायमिंग बेल्ट फिरवतं. चाक जागेवर ठेवायला एक छोटी ‘की’, म्हणजे लोखंडी पाचर, असते. ती ‘की’ अर्धी झिजलेली निघाली आणि तिची खाच एका बाजूने अर्धा मिलिमीटर खाल्लेली. म्हणजे चाक प्रत्येक वेळी जरा मागे राहत होतं, व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, उशिरा, व्हॉल्व्ह उशिरा. दम तिथं गेला. या इंजिनात बेल्ट चुकला तरी व्हॉल्व्ह पिस्टनला भिडत नाहीत, म्हणून हेड वाचलं.

हा या गाडीचा जुना, माहितीतला रोग आहे. १९८९ पासून १९९१ च्या मध्यापर्यंतच्या १.६ लिटर इंजिनांत क्रँकचं नाक आखूड होतं. नंतर मझदाने ते लांब आणि जाड केलं. ओळखायची खूण पुलीच्या मधल्या चकतीवर असते : आखूड नाकाला चार खाचा, लांब नाकाला आठ. आमच्याकडे चार. बेल्ट बदलताना बोल्ट नीट कसला नाही की या आखूड नाकाची झीज सुरू होते आणि मग थांबत नाही.

१७ एप्रिल

अप्पांनी नाक पाहिलं. तीस वर्षं चिकलठाण्यात टर्नर म्हणून काढलेला माणूस, बोटानेच झीज मोजतो.

"कामून एवढी घाबरायलीस? भराव टाकू, लेथवर घेऊ, नवी खाच काढू. ट्रॅक्टरचे किती क्रँक केलेत मी."

"अप्पा, हा सहा-सात हजार आरपीएमवर फिरतो. वेल्डिंगच्या उष्णतेने नाक केसभर वाकलं तरी पुढचं बेअरिंग खाईल."

अप्पा बराच वेळ नाकाकडे बघत राहिले. "हां. ट्रॅक्टर दोन हजारावर चालतो," एवढंच म्हणाले.

परदेशात काही जण खाचेत लॉकटाइट ६६० (झिजलेली जागा भरणारा डिंक) भरून, नवी ‘की’ बसवून चालवतात. झीज थोडी असेल तर ते टिकतं. अर्धा मिलिमीटर थोडी नाही. आणि नवा क्रँक इथं कुठून आणणार? मझदाच्या मोटारी या देशात कधी विकल्याच गेल्या नाहीत. तेव्हा दुसरं इंजिन शोधायचं, हे आज पक्कं.

२८ एप्रिल

देवगिरीने रात्री निघून सकाळी कुर्ल्याच्या भंगार बाजारात. दिवसभर फिरले आणि सीआर-व्हीतून काढलेल्या एका के२४ समोर अडकले.

होंडाने आपल्याकडे सीआर-व्ही आणि अ‍ॅकॉर्डमध्ये हे २.४ लिटरचं इंजिन विकलं, म्हणून ते आपल्या बाजारात मिळतं. बोअर (सिलेंडरचा व्यास) ८७ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ९९, एकूण २३५४ सीसी. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, टायमिंगला बेल्टऐवजी चेन. मामांच्या गाडीतलं बी६ १५९७ सीसीचं आणि नवं असताना ११५ अश्वशक्तीच्या आसपासचं. सीआर-व्हीचं के२४ काहीही न करता १६० च्या घरात.

होंडाचं कुठलंही चालणार नाही, हे लिहून ठेवते, कारण पुढेमागे कुणी विचारेलच. जुन्या सिटीतलं डी मालिकेचं इंजिन आणि बी मालिकेची इंजिनं बाकी जगाच्या उलट्या दिशेने फिरतात. पुढच्या चाकांच्या गाडीत होंडाने गिअरबॉक्सच तसा बनवलेला असतो. ते इंजिन उभं करून, म्हणजे गाडीच्या लांबीत ठेवून, एमएक्स-५च्या गिअरबॉक्सला जोडलं तर पहिल्या गिअरमध्ये गाडी मागे जाईल. के मालिका सरळ फिरते. जगभर एमएक्स-५मध्ये के इंजिन बसवतात ते म्हणूनही.

पाच हजार इसार देऊन आले. परतीच्या गाडीत झोप लागली नाही.

५ मे

थर्माकोलचं के२४ बनवून इंजिनच्या जागेत बसवून पाहिलं. लांबीला बसतं, उंचीलाही जेमतेम बसतं. चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) मात्र स्टिअरिंगच्या रॅकवर येतो, म्हणजे तो कापून नवा बनवायचा. ते जमेल. गिअरबॉक्ससाठी मधली प्लेटही जमेल. मराठवाडा ऑटो क्लस्टरमध्ये दोन्ही तोंडांची मापं घेता येतील, प्लेट आमच्या मशीनवर निघेल. क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सचा मध्य ०.१ मिलिमीटरच्या आत जुळला पाहिजे, नाहीतर इनपुट शाफ्टचं बेअरिंग आणि क्लच दोन्ही जातील. असलं काम आम्ही रोज करतो.

गिअरबॉक्स एमएक्स-५चाच का ठेवायचा, तर या गाडीत गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डब्यापर्यंत) अ‍ॅल्युमिनियमची एक लांब चौकट जाते. डिफरन्शियलचं तोंड त्या चौकटीनेच धरून ठेवलेलं असतं. परका गिअरबॉक्स लावला की चौकट सुटते आणि डिफरन्शियल जोरात वर उसळायला बघतं. पॅडल दाबताच गाडी मागून ताबडतोब उत्तर देते ते या चौकटीमुळे.

अडचण दुसरीकडेच निघाली. के२४ उभं केलं की त्याचा एक्झॉस्ट उजव्या बाजूला येतो. अमेरिकेत तिथं मोकळी जागा, कारण स्टिअरिंग डावीकडे. आपल्या गाडीत तिथूनच स्टिअरिंगचा दांडा खाली उतरतो आणि वर ब्रेकचा बूस्टर बसलेला. मूळ इंजिनात मझदाने एक्झॉस्ट डावीकडे ठेवलाय, आणि उजवीकडे थंड इनटेक, म्हणजे हवा आत घेणारी बाजू. चार लालबुंद पाइप स्टिअरिंगच्या दांड्याला चिकटून न्यायचे, हे मला पटत नाही. वळण देऊन नेता येतील, अशक्य नाही. दोन रात्री कागदावर पाइप वाकवतेय.

१३ मे

मतदान केलं आणि तिथूनच शेंद्र्याला गेले. तिथल्या स्कोडाच्या कारखान्यात २००१ पासून ऑक्टाव्हिया जोडली जायची. पुढे ऑडीही तिथंच. त्यामुळे या गावात स्कोडाचं इंजिन डोळे मिटून उघडणारे लोक सापडतात, आणि त्यातला एक माझा आयटीआयचा मित्र. त्याच्या शेडमध्ये ऑक्टाव्हिया आरएसचं १.८ टर्बो पडून आहे. १७८१ सीसी, सिलेंडरला पाच व्हॉल्व्ह, १५० अश्वशक्ती.

त्याने मोह घातला : "घेऊन जा, पैसे नंतर बघू. वायरिंग मी करून देतो. आपल्या गावातलं इंजिन आहे."

हे शेवटचं वाक्य मला फार लागलं. इंजिन निवडताना मी अश्वशक्ती, माप, किंमत सगळं लिहीत होते. पाच वर्षांनी हे कोण उघडणार, हा रकानाच माझ्या वहीत नव्हता. आज घातला. त्या रकान्यात १.८ टर्बो सगळ्यांच्या वर.

पण त्याचाही एक्झॉस्ट उजवीकडे येणार, आणि त्यावर टर्बोसुद्धा. ब्लॉक लोखंडी. वर इंटरकूलर, त्याचे पाइप, मोठा रेडिएटर, सगळं वजन पुढे.

२३ मे

पारा ४२ वर. दुपारी दोनला शेडचा पत्रा नुसता भाजतोय. अशा दुपारी गरम इंजिन दौलताबादच्या चढावर वाहनांच्या रांगेत उभं राहिलं तर काय, हा विचार कुर्ल्यात डोक्यात आला नव्हता.

बी६चं स्वतःचंही एक दुखणं आहे. हे इंजिन मुळात फॅमिलिया या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, आडव्या इंजिनाच्या गाडीतलं. उभं करताना पाण्याची वाट बदलली. पाणी पुढून आत आणि पुढूनच बाहेर. मागचं चौथं सिलेंडर इतरांपेक्षा गरम राहतं. युरोपात चालून जातं. आपल्याकडे तिथं नजर ठेवावी लागते. हेडच्या मागून पाणी काढून रेडिएटरला नेलं की बरंच सुधारतं, आणि ते काम दोन पाइपांचं आहे. टर्बोचं ताप कमी करायचं काम दोन पाइपांचं नाही.

२ जून

आजचा दिवस सगळ्यांत चांगला गेला.

मोंढ्यातल्या आडतीवरून धान्य तोलायचे चार इलेक्ट्रॉनिक काटे आणले, प्रत्येक चाकाखाली एक. पुढे २४१ आणि २४९, मागे २२८ आणि २३४. एकूण ९५२ किलो. मग मामांना बोलावून सीटवर बसवलं. पुढे ५२०, मागे ५००.

मामा आकडे बघून म्हणाले, "मला हे माहीत होतं. मला ते बुडाखाली जाणवतं."

मग ते बोलत बसले. इंग्लंडमध्ये रात्रपाळी संपवून पहाटे टप उघडून घरी जायचे, पाऊस नसेल तर. इथं आल्यावर दर श्रावणात वेरूळ. खुलताबादच्या घाटात वळण आलं की स्टिअरिंग फक्त विचार केल्यासारखं हलवायचं, गाडी वळून मोकळी. "साठच्या वर मी कधी नेलीच नाही त्या रस्त्याला. गरजच पडली नाही."

मी दोन महिने या माणसासाठी १६० अश्वशक्ती शोधतेय. हे त्यांना मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

१६ जून

बलेनोचं जी१६बी पाहिलं, १५९० सीसी, अ‍ॅल्युमिनियमचं, हलकं. जिप्सीवाले ते हौसेने जिप्सीत घालतात आणि तिच्या गिअरबॉक्सला ते जुळतं. सुटे भाग जालना, परभणी, कुठंही मिळतील. पण ९४ अश्वशक्ती, म्हणजे मूळ इंजिनाहून कमी. आणि जिप्सीचा गिअरबॉक्स घेतला की चौकट सुटली. इनोव्हाचं पेट्रोल इंजिन एक जण सुचवत होता. उंची पाहूनच नको म्हटलं. त्यासाठी बोनेट फाडावं लागेल.

३ जुलै

आरटीओत गेले. हे काम मी कुर्ल्याला जायच्या आधी करायचं होतं.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजी किंवा विजेवर चालवण्यासाठी मान्यताप्राप्त किट लावणं हा अपवाद. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन मंजुरी घेऊन आणि नोंद करून बदलता येतं. होंडाचं, स्कोडाचं, सुझुकीचं नाही. एमएक्स-५चंच पुढचं १.८ लिटरचं इंजिन, ८३ बाय ८५, १८३९ सीसी, तेही मी मनात धरलं होतं. पुस्तकात १५९७ लिहिलंय. तेही मिटलं.

आणि मामांच्या गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण याच ऑक्टोबरात आहे. आयात गाडीला एप्रिल २०२२ पासून त्याचे, यंदा २०२४ सालीही, ४० हजार. गाडी चालू स्थितीत नेऊन दाखवावी लागणार, इंजिन नंबरसकट. विंटेजची वेगळी नोंदणी पन्नास वर्षं झालेल्या गाडीला मिळते. हिला अजून सोळा वर्षं आहेत.

टेबलामागच्या साहेबांनी एक गोष्ट नीट समजावली : नंबर ब्लॉकवर असतो. ब्लॉक तोच असेल तर आतले भाग बदलणं म्हणजे दुरुस्ती.

घरी येईपर्यंत तेच वाक्य डोक्यात.

७ जुलै

मामांसमोर दोन्ही गोष्टी ठेवल्या. के२४ घातलं तर गाडी फक्त बंद ट्रॅकवर, ट्रकवर लादून न्यायची. रस्त्यावर नाही, वेरूळला नाही.

"मग ती माझी गाडी राहिली नाही ना," मामा म्हणाले. रागावले नाहीत. चहा पीत शांतपणे म्हणाले.

के२४साठी मला वाईट वाटलं, हे लिहून ठेवते. ते इंजिन फार सुंदर आहे. कुणाच्या तरी ट्रॅकच्या गाडीत मी ते एक दिवस बसवणारच. इसार परत मागितला नाही.

२१ जुलै

बी६ खाली उतरवून उघडलं. हे एप्रिलमध्येच करायचं होतं. "इंजिन गेलं" हे वाक्य मी न तपासता मान्य केलं होतं.

मूळ बोअर ७८ मिलिमीटरचा. चारही सिलेंडरमध्ये वर, मध्ये, खाली, दोन दिशांनी मापलं. जास्तीत जास्त झीज मिलिमीटरचे दोन शतांश. होनिंगच्या (सिलेंडर आतून घासून गुळगुळीत करण्याच्या) जुन्या रेषा अजून दिसताहेत. बेअरिंग शेल राखाडी, तांबं कुठंच उघडं नाही. चौथ्या सिलेंडरजवळ हेड गॅस्केट जरा काळवंडलंय, तेवढंच. चौतीस वर्षांचं इंजिन, आणि गेलंय ते फक्त नाकाचं बोटभर टोक.

अप्पांनी मायक्रोमीटर खाली ठेवला. "हे इंजिन मेलंय म्हणून कोण म्हणायलं?"

लांब नाकाचा क्रँक या ब्लॉकमध्ये बसतो. स्ट्रोक तोच, ८३.६. जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) तीच. बरोबर त्याचं दातेरी चाक, पुलीची चकती आणि बोल्ट त्याच इंजिनातले घ्यायचे. जुन्या बोल्टला आवळण्याचा जोर १०८ ते ११८ न्यूटन-मीटर होता. लांब नाकाच्या बोल्टला १५७ ते १६७. मझदाने स्वतःच या रोगावर काढलेलं औषध ते हेच.

रात्री लंडनला मामेभावाला फोन. त्याला क्रँक म्हणजे काय ते आधी सांगावं लागलं. फोटो पाठवले, आठ खाचांवर लाल गोल करून.

११ ऑगस्ट

त्याला मोडीत निघालेल्या १९९२ च्या गाडीचा मिळाला. फोटोत आठ खाचा मोजल्या. दोनदा.

२ सप्टेंबर

पोळा. परवापासून पाऊस थांबायलाच तयार नाही; परभणी-हिंगोलीकडे शेतं पाण्याखाली गेली आणि आमच्या दोन कामगारांची घरं तिकडंच, ते गावी गेलेत. शेडमध्ये मी आणि अप्पा दोघंच. हेडचे व्हॉल्व्ह घासून बसवले. पाण्याची वाट मागून काढायचा तुकडा अप्पांनी अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून काढला. तो बाहेरून दिसणार नाही अशा जागी बसतो, तरी त्याच्या कडा त्यांनी हाताने गोल केल्या.

९ सप्टेंबर

मामेभाऊ गणपतीला आला. बॅगेत कपडे कमी आणि जाड टॉवेलात गुंडाळलेला क्रँक. विमानतळावर उघडून दाखवावा लागला. बिल बरोबर होतं, सोडलं. मामांनी आरती होईपर्यंत धीर धरला, मग प्रसादाचा मोदक हातात तसाच धरून म्हणाले, "चल, वाळूजला जाऊ."

१४ सप्टेंबर

क्रँक धुतला, दोन्ही टोकं व्ही-ब्लॉकवर ठेवली, मधल्या जर्नलवर डायल लावला. अप्पांनी हाताने सावकाश फिरवला. काटा एका रेषेपेक्षा कमी हलला.

मग मेन जर्नल, पाचही. मझदाच्या पुस्तकात ४९.९३८ ते ४९.९५६. अप्पा चष्मा कपाळावर सरकवून आकडे वाचत होते, मी लिहीत होते, मामा स्टुलावर बसून ऐकत होते.

"एकोणपन्नास, नऊशे त्रेचाळीस."

"लिहिलं."

"नऊशे त्रेचाळीस."

"लिहिलं."

"नऊशे एक्केचाळीस. हे मधलं."

"चालतंय, अप्पा."

"चालतंय काय, लई झ्याक आहे. शेल मागव. स्टँडर्डच."

आजच मागवले.